रिसीव्हर घ्या, पण हप्त्यावर नको आणि सगळं एकदम नको

वाचकांचा प्रश्न थोडक्यात असा. वय ३६, नोकरी नाशिकला सातपूरच्या कारखान्यात, हातात पगार ५८,००० रुपये. पत्नी खासगी शाळेत शिक्षिका, पगार २२,०००. घरकर्जाचा हप्ता २३,४००, घरखर्च आणि मुलीची शाळा मिळून ३८,०००, मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी एसआयपी ८,०००. बँकेत दीड लाखाची एफडी. दिवाळीला साधारण ६०,००० बोनस येतो. वडील ७२ वर्षांचे, सोबत राहतात. तरुणपणी सिन्नरला लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचा त्यांचा व्यवसाय होता. आता त्यांना टीव्हीवरचे संवाद नीट कळत नाहीत. हॉल ११ बाय १५ फूट, टीव्ही ५५ इंची, दोन वर्षांपूर्वीचा. रिसीव्हर म्हणजे टीव्हीचा आवाज घेऊन तो वाढवणारं आणि वेगवेगळ्या स्पीकरना वाटून देणारं यंत्र. दुकानदाराने ७.२ चॅनलचा ॲटमॉस (डोक्यावरूनही आवाज देणारा) रिसीव्हर ६८,००० आणि स्पीकर ६२,००० असं १,३०,००० चं पॅकेज सुचवलंय, बारा महिन्यांच्या ‘नो कॉस्ट’ हप्त्यावर. रोख दिले तर ७,००० कमी. दुसरं कोटेशन साध्या ५.१ चं, म्हणजे पाच स्पीकर आणि खालच्या पट्टीच्या आवाजासाठी एक सबवूफर: रिसीव्हर ३६,०००, स्पीकरचा संच ४५,०००. पत्नीचं म्हणणं, २४,००० चा साउंडबार (टीव्हीखाली ठेवायची स्पीकरची एकच लांब पट्टी) घेऊन मोकळे होऊ. अमेरिकेतला मावसभाऊ डिसेंबरात येताना तिकडचा रिफर्बिश्ड, म्हणजे परत आलेला आणि दुरुस्त करून विकलेला, रिसीव्हर आणायला तयार आहे. विचारलंय असं: एसआयपी वर्षभर थांबवून मोठं पॅकेज घ्यावं का?

नमस्कार.

एसआयपी थांबवू नका. या एका मुद्द्यावर मला जराही शंका नाही, म्हणून तो आधी सांगते. बाकी निर्णयात दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं पुष्कळ आहे.

तुम्ही दिलेले आकडे मांडले तर दर महिन्याला तुमच्या हातात १०,६०० रुपये उरतात. पॅकेजचा हप्ता येतो १०,८३३. म्हणजे एसआयपी चालू ठेवली तर हप्ता बसतच नाही, दोनशे-अडीचशे रुपयांनी का होईना, कमी पडतात. म्हणूनच एसआयपी थांबवायचा विचार तुमच्या डोक्यात आला. ती थांबवली तर बारा महिन्यांचे ९६,००० रुपये एसआयपीत जाणार नाहीत. मुलगी सहा वर्षांची आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे तिच्या कॉलेजला बारा वर्षं आहेत. दहा टक्के परतावा धरला, आणि त्याची हमी कुणीच देत नाही, तरी त्या ९६,००० चे तोवर पावणेतीन लाखांच्या पुढे होतात. शिवाय थांबवलेली एसआयपी वर्षाने पुन्हा सुरू होतेच असं नाही. तोपर्यंत शाळेची फी वाढलेली असते, गाडीचं काम निघालेलं असतं, आणि मोकळे झालेले आठ हजार घरखर्चात कधी मुरले ते कळतही नाही.

आता त्या ‘नो कॉस्ट’कडे बघू. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावलंय की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. व्याज कुठेतरी असतंच, ते दुसऱ्या नावाखाली बसवलेलं असतं. आज पद्धत अशी आहे: बँक नेहमीसारखं व्याज लावते, आणि तेवढीच रक्कम दुकानदार किंवा कंपनी किमतीत सूट म्हणून देते. तुमच्या पॅकेजवर बँकेचा दर १६ टक्के धरला तर व्याज साधारण १०,६०० होतं. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे १,९००, तो मात्र तुमच्याच कार्डावर पडतो. प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा जीएसटी मिळून आणखी दोनएकशे. आणि सगळ्यात मोठी रक्कम बिलावर दिसतच नाही: रोख दिले असते तर सुटले असते ते ७,०००. सगळं धरलं तर १,२३,००० ची वस्तू तुम्हाला १,३२,००० च्या आसपास पडते. हप्त्यांच्या हिशेबाने हा दर वर्षाला साधारण साडेतेरा टक्के होतो. तुमच्या एफडीवर मिळतंय त्याच्या जवळजवळ दुप्पट. आणि एखाद्या महिन्यात कार्डाचं पूर्ण बिल भरायचं राहिलं तर थकलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात व्याज लागतं, वर्षाला चाळीसच्या पुढे. महिन्याला शिल्लकच उरत नसताना हा धोका घेण्यासारखा नाही.

तर हप्त्यावर नको. पण म्हणून रिसीव्हरच नको, असं मी म्हणणार नाही. अशा पत्रांना उत्तर देताना आमच्या आर्थिक सल्ल्याच्या व्यवसायातली माणसं बहुतेकदा ‘ही चैन आहे, पैसे गुंतवा’ म्हणून मोकळी होतात. तुमच्या घरी दोघं कमावतात, घरकर्ज नियमित फेडताय, कार्डावर एक पैसा थकलेला नाही. घरच्या घरी चांगला आवाज ऐकायची इच्छा असणं, तेही ज्या घराला आवाजाचंच काम करणाऱ्या माणसाचा वारसा आहे तिथे, मला अगदी रास्त वाटतं. प्रश्न कशावर किती आणि केव्हा एवढाच आहे.

त्याआधी दोन कामं आहेत, दोन्ही वडिलांसंबंधी.

पहिलं, त्यांची ऑडिओमेट्री करून घ्या. कानाची ही तपासणी काही शे रुपयांत होते. वयोमानाने ऐकू येणं कमी होतं तेव्हा आधी वरच्या पट्टीतला आवाज जातो. स, श, त, क ही अक्षरं तिथेच असतात. म्हणून अशा माणसाला आवाज येतो पण शब्द कळत नाहीत, आणि टीव्ही मोठा केला की फक्त पार्श्वसंगीत मोठं होतं. तपासणीत श्रवणयंत्र लागेल असं निघालं, तर या सगळ्या पैशांवर पहिला हक्क त्या यंत्राचा. दोन्ही कानांना चांगलं डिजिटल यंत्र घ्यायचं तर रिसीव्हरएवढा किंवा त्याहून जास्त खर्च सहज येतो. ते फक्त टीव्हीपुढे नाही, दिवसभर उपयोगी पडतं. तसं झालं तर होम थिएटर वर्षभर पुढे ढकला. मी हे मनापासून सांगते आहे.

दुसरं, त्यांच्या आरोग्यविम्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये ते आहेत का, ते बघा. नसतील तर आयुष्मान भारतचं वय वंदना कार्ड काढून घ्या. ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकासाठी, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय आहे. योजनेतल्या रुग्णालयांत वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार होतात. आधार कार्डावर काम होतं, पैसे लागत नाहीत. कार्ड काढल्यावर नाशिकमधली कोणती रुग्णालयं यादीत आहेत आणि तिथे कोणते उपचार होतात, तेही बघून ठेवा.

विम्याचा मुद्दा इथे आला कारण तुमची दीड लाखाची एफडी कमी पडते आहे. घरखर्च आणि घरकर्जाचा हप्ता मिळून तुमचे महिन्याला ६१,४०० जातात. म्हणजे ती एफडी अडीच महिनेही पुरणार नाही. निदान तीन महिन्यांचे, म्हणजे १,८५,००० तरी हाताशी हवेत; सहा महिन्यांचे असले तर उत्तम. तेव्हा बोनस आला की त्यातले ३५,००० आधी एफडीत. उरलेले २५,००० होम थिएटरचे. आणि बोनस खात्यात पडेपर्यंत तो धरून काही ठरवू नका. बोनस ‘साधारण’ येतो हे तुमचेच शब्द आहेत.

आता होम थिएटरकडे वळू. इथे खर्च कुठे वाया जातो हे समजलं की निम्मा निर्णय आपोआप होतो.

होम थिएटरमध्ये दोन प्रकारच्या वस्तू असतात. स्पीकर ही जुनी न होणारी वस्तू. लाकडाची पेटी, चुंबक, आवाज काढणारा कागदाचा किंवा प्लॅस्टिकचा शंकूसारखा पडदा, म्हणजे कोन. कोनाच्या कडेला रबर असेल तर पंधरा-वीस वर्षं तो तसाच वाजतो. कडेला फोम असेल तर मात्र आपल्या दमट हवेत काही वर्षांत त्याचा भुगा होतो, ते घेताना बघाच. रिसीव्हर ही उलट जातीची वस्तू. त्यात ॲम्प्लिफायर असतो तो टिकतो, पण त्याच्या जोडीला टीव्ही जोडायच्या एचडीएमआय पोर्टची पाटी आणि डिजिटल आवाज उलगडणारे डीकोडर असतात, आणि ते दर चार-पाच वर्षांनी मागे पडतात. आधी ४के आलं, मग डॉल्बी व्हिजन आलं, मग एचडीएमआय २.१ आलं. ‘आता पुढची दहा वर्षं बघायला नको’ म्हणून ज्यांनी २०२० च्या सुमारास नवेकोरे ८के रिसीव्हर घेतले, त्यांच्यातल्या अनेकांना यामाहा, डेनॉन, मरांट्झ या नावाजलेल्या कंपन्यांच्या यंत्रांतसुद्धा एचडीएमआयच्या चिपमधला दोष भोगावा लागला, आणि कंपन्यांना दुरुस्ती किंवा जोडयंत्र द्यावं लागलं. भविष्याची सोय म्हणून रिसीव्हरवर जास्त पैसे घालणं हा या क्षेत्रातला सर्वांत महागडा गैरसमज आहे. पैसे जास्त घालायचे तर स्पीकरवर. तुमच्या मोठ्या पॅकेजमध्ये निम्म्याहून जास्त रक्कम रिसीव्हरला जाते आहे. मला ते उलटं हवं आहे.

शिवाय दोन वर्षांपूर्वीच्या टीव्हीमुळे तुमचं काम सोपं झालंय. त्याच्या मागे एका एचडीएमआय पोर्टवर ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ लिहिलेलं असेल. सेट-टॉप बॉक्स, फायर स्टिक, जे काही असेल ते थेट टीव्हीला जोडायचं, आणि त्या पोर्टातून फक्त आवाज रिसीव्हरकडे आणायचा. मग चित्र रिसीव्हरमधून जातच नाही. त्याचं एचडीएमआय कितवं आहे, ८के चालतं का, हे प्रश्नच संपतात. ओटीटीवर येणारा डॉल्बीचा ५.१ आवाज साध्या एआरसीतूनही नीट येतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल ऑडिओ ‘पीसीएम’वर असेल तर मात्र तो दोनच चॅनलचा होऊन येईल. ‘ऑटो’ किंवा ‘पास-थ्रू’ करा. निम्म्या घरांत महागडा संच घेऊनही मागचे स्पीकर मुके असतात ते यामुळे.

वॅटच्या आकड्यांनी दबून जाऊ नका. यामाहाच्या आरएक्स-व्ही३८५ या लोकप्रिय ५.१ रिसीव्हरचं उदाहरण घ्या. एकाच यंत्राला ७० वॅट, १०० वॅट आणि १३५ वॅट असे तिन्ही आकडे लावलेले सापडतात, आणि तिन्ही खरे आहेत. ७० हा आकडा ८ ओहमच्या (ओहम म्हणजे स्पीकरच्या विद्युत-अवरोधाचं माप) स्पीकरवर, दोन चॅनल चालू असताना, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ अशा पूर्ण पट्ट्यात, जवळजवळ शून्य विकृतीसह मोजलेला. १३५ हा ६ ओहमवर, एकच चॅनल चालू, एकाच सुरावर आणि दहा टक्के विकृतीसह. दहा टक्के विकृतीवर आवाज फाटलेला असतो, तो कुणी ऐकत नाही. तेव्हा कोटेशनमधल्या दोन रिसीव्हरची तुलना करताना पहिल्या पद्धतीचा आकडा मागा. आणि दुकानात कुणी ‘पीएमपीओ’ (क्षणभराचा कमाल आकडा) म्हणून हजारो वॅट सांगितले तर तो आकडा विचारात घेऊच नका.

७० वॅट पुरतात का? साधा ८७ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर एका वॅटवर, तुमचा सोफा दहा फुटांवर आहे असं धरलं तर, हॉलच्या भिंतींची साथ मिळून ८० डेसिबलच्या आसपास आवाज देतो. वॅट दुप्पट केले की तीन डेसिबल वाढतात. १६ वॅटला ९२, ६४ वॅटला ९८. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ९८ डेसिबलला सोसायटीचे चेअरमन दारात उभे राहतील. ७.२ चा रिसीव्हर समजा १०० वॅटचा असला तरी ७० च्या तुलनेत फरक दीड डेसिबलचा पडतो. तो कानाला जेमतेम जाणवतो, आणि त्यासाठी तुम्ही ३२,००० जास्त मोजताय.

अर्थात दुकानदार म्हणेल की ते जास्तीचे पैसे वॅटचे नाहीत, ॲटमॉसचे आहेत. बरोबर आहे. ॲटमॉसमध्ये आवाज डोक्यावरूनही येतो आणि चांगल्या खोलीत तो अनुभव खरोखर वेगळा असतो, मी तो नाकारत नाही. पण तुमच्या पॅकेजमधले दोन ‘हाइट’ स्पीकर आवाज छताकडे फेकून खाली परतवणारे आहेत. त्यांना सपाट, कडक छत लागतं. तुमच्या हॉलला पीओपीचं पायऱ्यापायऱ्यांचं सीलिंग आणि मधोमध पंखा आहे असं तुम्हीच लिहिलंय. आवाज परत येईल, पण विखरून. नेटफ्लिक्सवर ॲटमॉस ऐकायचं तर त्यांचा सर्वांत वरचा प्लॅन घ्यावा लागतो, तो खर्च दरमहाचा. आणि तुमच्या घरी जास्त काय लागतं? मराठी मालिका, बातम्या, नाटकांची रेकॉर्डिंग, क्रिकेट, महिन्याकाठी दोन-तीन सिनेमे. यात ॲटमॉस फार थोडं आहे. सिनेमा ॲटमॉसचा असला तरी ५.१ च्या रिसीव्हरवर तो ५.१ म्हणून व्यवस्थित वाजतो, काही हरवत नाही, फक्त वरचा आवाज बाजूंच्या स्पीकरमध्ये वाटला जातो.

साउंडबारबद्दल तुमच्या पत्नीचं म्हणणं हलक्यात घेऊ नका. दहातल्या आठ घरांना मी साउंडबारच सुचवते. वायरी कमी, जागा कमी, पैसे निम्म्याहून कमी, आणि टीव्हीच्या स्वतःच्या आवाजापेक्षा तो खूपच बरा. भाड्याचं घर असतं किंवा बदलीची नोकरी असती तर हे पत्र इथेच संपलं असतं. पण त्यातलं काही बिघडलं की बहुधा सगळंच बदलावं लागतं. पुढे एक स्पीकर चांगला घ्यावा म्हटलं तर घेता येत नाही. पाच-सहा वर्षांत पुन्हा २४,००० घालायची तयारी ठेवावी लागते. तुमचं घर स्वतःचं आहे आणि स्पीकर एकदा घेतले की ते मुलगी कॉलेजला जाईपर्यंत राहतील. म्हणून तुमच्या बाबतीत मी ५.१ च्या बाजूने आहे. मात्र एक अट: हॉलमध्ये मागच्या भिंतीपर्यंत वायरी कुठून न्यायच्या हे दोघांनी मिळून, केसिंग-पट्टी कुठे लागेल ते भिंतीवर बघून ठरवा. त्यांची नाराजी वायरींबद्दल असेल तर ती दूर करता येते. पैशांबद्दल असेल तर खालचा हिशेब त्यांच्यासमोर मांडा.

मावसभावाला प्रेमाने नाही म्हणा. अमेरिकेतला रिसीव्हर १२० व्होल्टचा असतो. इथे २३० वर लावला तर पहिल्याच क्षणी जाईल. सोबत पाचशे-साडेसातशे व्हीएचा जड स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर कायमचा ठेवावा लागेल. वॉरंटी इथे चालणार नाही आणि पुढे विकायचा म्हटला तर गिऱ्हाईक मिळणं कठीण. रिसीव्हरमध्ये बिघडतं ते बहुतेकदा एचडीएमआयचं पॅनेल, आणि ते बदलायचा खर्च जुन्या यंत्राच्या किमतीच्या मानाने फार येतो. त्यामुळे भारतातलं बिल आणि इथली वॉरंटी यांची किंमत खरी आहे. मेच्या अखेरीस वळवाच्या विजा सुरू झाल्या की डिशच्या किंवा केबलच्या वायरीतून येणारा झटका टीव्ही आणि रिसीव्हर दोघांची पोर्ट घेऊन जातो. तेव्हा प्लगबरोबर ती वायरही काढायची सवय घरात सगळ्यांना लावा.

आता माझा हिशेब. रिसीव्हरची मोठी सोय ही की पाचही स्पीकर पहिल्या दिवशी लागत नाहीत. तुमच्या दुसऱ्या कोटेशनमध्ये सुट्टे भाव दिलेत: पुढची जोडी १४,०००, सेंटर (टीव्हीजवळचा मधला स्पीकर) ८,०००, सबवूफर १६,०००, मागची जोडी ९,०००. एकूण ४७,०००, संचापेक्षा दोन हजार जास्त. ते दोन हजार मी आनंदाने देईन, कारण त्या बदल्यात तुम्हाला वेळ मिळतो आणि कर्ज टळतं.

जुलै ते ऑक्टोबर, उरणाऱ्या १०,६०० पैकी ९,००० दर महिन्याला बाजूला टाका. वेगळी आरडी काढा किंवा दुसऱ्या बचत खात्यात वळवा, पण पगाराच्या खात्यात ठेवू नका. चार महिन्यांचे ३६,०००. बोनसमधले २५,००० मिळवून ६१,०००. दिवाळीत रिसीव्हर ३६,०००, पुढची जोडी आणि सेंटर २२,०००. राहिलेल्या तीन हजारांत वायर आणि स्टँड किंवा ब्रॅकेट. वायर शुद्ध तांब्याची १६ गेजची पुरे, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली घेऊ नका. हजारो रुपयांची एचडीएमआय केबल तर अजिबात नको.

पुढचे तिन्ही स्पीकर एकाच मालिकेचे आणि एकाच वेळी घ्या. सिनेमातला बहुतेक संवाद सेंटरमधून येतो, आणि डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या माणसाचा आवाज मध्येच बदलला तर ते खटकतं. सबवूफर आणि मागचे स्पीकर वेगळ्या कंपनीचे असले तरी चालतं, म्हणून ते नंतर घेता येतात. नोव्हेंबर-डिसेंबरच्या १८,००० मधून जानेवारीत सबवूफर. उरलेल्या दोन हजारांत जानेवारीचे ९,००० मिळवून फेब्रुवारीत मागची जोडी. पाडव्याच्या आत पाचही स्पीकर वाजत असतील आणि डोक्यावर एका रुपयाचं देणं नसेल. हप्त्याचा मार्ग धरला असता तर तुम्ही पुढच्या जुलैपर्यंत पैसे भरत राहिला असता, तेही मुलीची एसआयपी थांबवून. मधल्या काळात घरात काही निघालं तर सबवूफर दोन महिने थांबेल. हप्ता थांबत नाही.

सबवूफरसाठी थांबायला माझी एक वेगळीही पसंती आहे. खालच्या पट्टीचा आवाज स्लॅबमधून खालच्या घरात उतरतो. आधी तीन स्पीकरवर दोन महिने काढा. कदाचित तुम्हाला वाटेल त्यापेक्षा लहान सबवूफर पुरेल. रात्री दहानंतर तर तसंही तो बंद ठेवावा लागेल. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे.

लावून झाल्यावर, ज्यासाठी हे सगळं करायचं ते काम विसरू नका. रिसीव्हरबरोबर छोटा माइक मिळत असेल तर सोफ्यावर कानाच्या उंचीला ठेवून स्वयंचलित मोजणी करा. यामाहात त्याला वायपाओ म्हणतात, डेनॉनमध्ये ऑडिसी. डेनॉनच्या सगळ्यात स्वस्त मॉडेलमध्ये ती सोय नसू शकते, विचारून घ्या. प्रत्येक नवा स्पीकर जोडल्यावर मोजणी पुन्हा करायची. ती झाली की सेंटरची पातळी हाताने दोन-तीन डेसिबल वाढवा आणि ‘डायनॅमिक रेंज’ (हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर) कमी करा. संवाद वर येतात, स्फोट आणि संगीत खाली बसतं. मालिका आणि बातम्या दोन चॅनलच्या असल्या तरी रिसीव्हर त्यातला बोलण्याचा भाग सेंटरकडे वळवू शकतो. वडील सोफ्यावर मधोमध न बसता कडेच्या दिवाणावर बसतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणूनच मी सेंटर पहिल्या टप्प्यात घेतलाय. सेंटर नसेल तर कडेला बसणाऱ्याला सगळा आवाज जवळच्याच स्पीकरमधून येतो.

दुकानात ऐकायला जाल तेव्हा वडिलांना नक्की न्या. दुकानदार मारधाडीचा सिनेमा लावेल. तुम्ही मोबाइलवर त्यांची नेहमीची मालिका किंवा एखादं नाटक घेऊन जा, आणि तेच वेगवेगळ्या सेंटर स्पीकरवर ऐकवा. आयुष्यभर माइक आणि कर्ण्यांबरोबर काम केलेल्या माणसाला कोणता बोलणारा स्वच्छ आहे ते ओळखायला माहितीपत्रक लागणार नाही. ऐकू येण्याचं यंत्र मिळालं असेल तर ते लावून ऐकू द्या.

रिसीव्हर काचेच्या दारामागे, बंद टीव्ही युनिटमध्ये कोंबू नका. वर निदान चार-पाच इंच मोकळी जागा ठेवा. नाशिकच्या एप्रिलमध्ये आत साठलेली उष्णता त्यातले कपॅसिटर लवकर मारते, आणि मग वस्तू वेळेआधीच जाते.

नवं कोटेशन मागाल तेव्हा त्यावर चार गोष्टी लिहून घ्या: दिवाळीला रोख किंवा यूपीआयने दिल्यास अंतिम भाव किती, त्याच मालिकेचे मागचे स्पीकर फेब्रुवारीत याच भावाने मिळतील का, वॉरंटी किती वर्षांची आणि कंपनीची की दुकानाची, आणि दुरुस्ती नाशिकमध्येच होते की सात-आठ किलोचं यंत्र मुंबई-पुण्याला पाठवावं लागतं. शेवटच्याचं उत्तर ‘पाठवावं लागतं’ असं आलं तर पाठवणीचा खर्च कुणाचा, तेही. कोटेशन आलं आणि ऑडिओमेट्रीचा रिपोर्ट हातात पडला की दोन्ही मला कळवा. श्रवणयंत्र घ्यायचं ठरलं तर वरचे महिने पुढे सरकवून नवा हिशेब करून देते.